साहेब तालुक्याला येतात तेव्हा : स्टेजकडे पाठ असलेली माणसं

आडवाट
तालुक्याच्या गावी मोठा नेता येणार म्हटलं की लोक भाषण ऐकायला जातात. म्हणजे जत्रेला जाऊन नुसता कळस बघून परत यायचं. भाषण तर रात्री मोबाइलवर सापडतंच. बघायची असतात ती माणसं, आणि त्यातली सगळ्यात बोलकी म्हणजे स्टेजकडे पाठ करून उभी असलेली : जनरेटरवाला, बंदोबस्तातला हवालदार, खुर्च्या मोजणारा, महावितरणचा वायरमन, चिठ्ठ्या पोचवणारा पोरगा. नेता काय बोलतो याच्याशी त्यांना काही घेणं नसतं, म्हणून दौऱ्याचं खरं वेळापत्रक त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येतं.

ज्यांना या कामांची आतून माहिती आहे त्यांनी भर घालावी. पक्ष कुठला, नेता कोण, हे इथं आणू नका. त्याला दुसरे धागे आहेत. 'मी अमक्या साहेबांच्या पंगतीला होतो' हेही नको.

सुरुवात कागदापासून करतो. दौरा कार्यक्रम आदल्या संध्याकाळपर्यंत गावातल्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडतो. त्याची भाषा ठरलेली : 'मोटारीने प्रयाण', 'आगमन', 'सोयीनुसार', 'राखीव'. सगळे सभेची वेळ बघतात. तुम्ही 'शासकीय विश्रामगृह येथे आगमन व राखीव' ही ओळ शोधा. राखीव म्हणजे जाहीर कार्यक्रम न लावता मोकळी ठेवलेली वेळ. सभेला दीड तास आणि राखीवला पाऊण तास दिला असेल तर दौरा सभेसाठी आहे. उलटं असेल तर सभा हे निमित्त, काम रेस्ट हाऊसवर आहे. तिकीट, बंडखोरी, कारखान्याची निवडणूक, दोन गटांचं भांडण, जे काय असेल ते.

रेस्ट हाऊसला फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर उभं राहायचं. आत कोण गेलं ते सगळ्यांनाच दिसतं. बघायचं ते खानसाम्याच्या हातातल्या ट्रेमध्ये किती कप आत गेले. वीस माणसं व्हरांड्यात ताटकळत असताना तीनच कप आत गेले, तर ती तीन माणसं कोण हे कळेपर्यंत टपरी सोडायची नाही. बाहेर येणारा माणूस पायात चप्पल घालायच्या आधी फोन लावतो की नंतर, हेही पाहण्यासारखं. काम झालेला माणूस आधी चप्पल घालतो.

कोपरखळी
चप्पल-सिद्धांत भारी आहे, पण बूट घालून आत जाणाऱ्यांचं काय? बाकी चालू द्या. पहिला प्रश्न माझाच : गर्दी किती होती हे कसं ओळखायचं? आयोजक म्हणतात पन्नास हजार, विरोधक म्हणतात खुर्च्या रिकाम्या. मधलं काही असेल ना?

कनात
मंडपवाल्यांना हे रोज करावं लागतं, कारण खुर्च्या भाड्यानं द्यायच्या असतात. हिशेब सोपा आहे. बिनहाताची प्लास्टिकची खुर्ची रुंदीला दीड फूट धरा. पुढच्या रांगेपासून पाय ठेवायला जागा धरून अडीच ते तीन फूट खोली. म्हणजे खुर्चीला चार-साडेचार चौरस फूट. त्यात मधल्या वाटा, खांब, कडेची मोकळी जागा मिळवली की साडेसहा. १०० बाय २०० फुटांचा मंडप म्हणजे वीस हजार चौरस फूट, त्यात तीन हजार खुर्च्या बसतात. चार हजार लावल्या असं कुणी सांगितलं तर वाटा कुठून काढल्या ते विचारा.

उभ्या गर्दीसाठी गुंठ्यात विचार करा, आपल्याकडच्या माणसाला ते लगेच कळतं. माणसं सैल उभी असतील, म्हणजे मधून चहावाला किटली घेऊन सहज जातो, तर माणशी दहा चौरस फूट. खांद्याला खांदा लागत असेल तर साडेचार. गुंठा १०८९ चौरस फुटांचा. म्हणजे सैल गर्दी गुंठ्याला सुमारे ११०, दाट गर्दी सुमारे २४०. हा हिशेब मूळचा अमेरिकेतला. बर्कलेच्या हर्बर्ट जेकब्स या पत्रकारितेच्या प्राध्यापकानं १९६०च्या दशकात विद्यार्थ्यांच्या निदर्शनांचे फोटो घेऊन फरशीचे चौकोन मोजून तो बसवला. आजही तोच चालतो.

आता हायस्कूलचं मैदान घ्या, ३०० बाय २००. पंचावन्न गुंठे. कडेपासून कडेपर्यंत दाट भरलं तरी तेरा हजार. सैल भरलं तर सहा हजार. पन्नास हजार माणूस दाट उभा करायला सव्वापाच एकर सलग जागा लागते, आणि तेवढं मोकळं मैदान बहुतेक तालुक्याच्या गावी नसतंच. त्यामुळे आकडा ऐकला की आधी मैदान किती गुंठे ते आठवायचं, वाद तिथंच मिटतो.

कोपरखळी
म्हणजे विरोधकही खोटं बोलतात आणि आयोजकही. छान. पण फोटोत तर माणसांचा समुद्र दिसतो?

कनात
कॅमेरा कुठं ठेवलाय ते बघा. माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून आणि लांबच्या लेन्सनं काढला की रांगा एकमेकींवर चढतात, मधली रिकामी जागा दिसत नाही. वरून काढला की टक्कल दिसतं, मंडपाचं.

आयोजकांच्या युक्त्या मांडणीतच दिसतात. गर्दी कमी होणार असा अंदाज आला की रांगांतलं अंतर चार फूट होतं, पुढं सोफ्यांच्या दोनऐवजी पाच ओळी येतात आणि 'डी' मोठा होतो. डी म्हणजे स्टेज आणि पहिली रांग यांच्यामधली बांबूच्या किंवा लोखंडी कठड्यानं बंद केलेली अर्धगोल मोकळी जागा. ती सुरक्षेसाठीच असते, पण गरजेपेक्षा मोठी झाली की समजावं. शिवाय मंडपाच्या मागं जाऊन खुर्च्यांच्या न सोडलेल्या थप्प्या मोजाव्यात. तिथं उभा असलेला कंत्राटदाराचा माणूस सभा सुरू व्हायच्या अर्धा तास आधी थप्प्या सोडायला लागला तर गर्दी खरी. तो थप्पीवर बसून तंबाखू मळत असेल तर तुम्हाला उत्तर मिळालं.

शाईपेन
निवडणुकीच्या काळात खुर्च्या मोजणारा आणखी एक माणूस असतो, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. सरकारी ओळखपत्र गळ्यात, हातात व्हिडिओ कॅमेरा, आणि कॅमेरा नेत्याकडे नसून खुर्च्यांकडे, गाड्यांच्या नंबरप्लेटकडे, कमानीकडे. हे निवडणूक आयोगाचं व्हिडिओ पाळत पथक. चित्रण सुरू करताना तो माणूस कॅमेऱ्याशी बोलतो : कार्यक्रम कुठला, तारीख, ठिकाण, पक्ष, उमेदवार. मग स्टेजची लांबी-रुंदी, खुर्च्या, बॅनर, कटआउट, गाड्यांचा प्रकार आणि नंबर, सगळं तोंडानं म्हणत चित्रित करतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं गडी स्वतःशीच बडबडतोय.

ते चित्रण दुसरं पथक बघतं, जिल्ह्याच्या ठरवून दिलेल्या दरपत्रकानं खर्च काढतं आणि उमेदवाराच्या नावानं छाया नोंदवहीत, म्हणजे आयोगानं स्वतः ठेवलेल्या समांतर हिशेबात टाकतं. उमेदवारानं स्वतः दाखवलेल्या खर्चाशी तो ताडून बघितला जातो. आपल्यासारख्या मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवाराची मर्यादा ४० लाख, लोकसभेच्या उमेदवाराची ९५ लाख. २०२२ पासून हे आकडे आहेत. मोठी सभा यातला चांगला लचका तोडते.

म्हणून एक गंमत दिसते. स्टार प्रचारकाच्या सभेत उमेदवार स्टेजवर असेल, किंवा त्याचं नाव-फोटो लावलेला असेल, तर त्या सभेचा खर्च त्याच्या खात्यात येतो. स्टेजवर चार मतदारसंघांचे चार उमेदवार असतील तर चौघांत वाटून. मोठ्या सभेला आजूबाजूचे उमेदवार हौसेनं बोलावलेले असतात असं वाटतं, त्यामागं हाही भागाकार असतो. आणि कधीकधी उमेदवार स्टेजवर न चढता खालीच बसलेला दिसतो. त्याला विनम्र समजू नका, त्याचा हिशेबनीस हुशार आहे.

पोस्टर आणि पत्रकांच्या खालची बारीक ओळही वाचावी : मुद्रकाचं नाव, प्रकाशकाचं नाव, आणि प्रती किती. नाव-पत्ता छापणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७ अ कलमानं सक्तीचं आहे.

आडवाट
शाईपेन, हे उत्तम. भागाकाराचं डोक्यात आलं नव्हतं.

झुळूक
हेलिपॅडबद्दल कुणी लिहिलं नाही. गावातल्या पोरांची अर्धी सभा तिथंच होते.

तात्पुरतं हेलिपॅड बहुधा बांधकाम खातं करून देतं. सपाट जागा, मुरूम टाकून रोलर, मधोमध चुन्यानं गोल आणि त्यात इंग्रजी एच. वाऱ्याची दिशा दाखवायला कापडी पिशवी किंवा धूर. आसपास विजेच्या तारा, उंच झाडं, मोबाइल टॉवर नकोत. खरी कसरत पाण्याची. आदल्या संध्याकाळी आणि सकाळी टँकरनं मैदान भिजवावं लागतं, नाहीतर पंख्याच्या वाऱ्यानं असा धुरळा उठतो की वैमानिकाला जमीन दिसत नाही. जास्त भिजवलं तर चिखल. काळ्या जमिनीत तर चाक रुतायची भीती. मुरूम नीट दाबला नसेल तर खडे उडून कडेच्या माणसांना लागतात. कनाती, सतरंज्या, फ्लेक्स, रिकाम्या पिशव्या, जे बांधलेलं नाही ते सगळं उडतं, आणि पंख्यात गेलं तर संकट. म्हणून हेलिपॅडजवळ स्वागताची कमान आणि गालिचा लावायचा हट्ट धरणारा कार्यकर्ता आणि त्याला नाही म्हणणारा अभियंता, हा संवाद बघण्यासारखा असतो.

हे नुसतं सावधगिरीचं बोलणं नाही. २५ मे २०१७ ला निलंग्यात तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर उडाल्यावर लगेच खाली आलं, विजेच्या तारांत अडकलं, सगळे वाचले. ३ मे २०२४ ला महाडला प्रचारासाठी आलेलं हेलिकॉप्टर उतरतानाच कोसळलं, नेत्या अजून बसायच्या होत्या.

हेलिपॅडवर बघायची माणसं दोन. एक नगरपरिषदेच्या अग्निशामक बंबाचा चालक. तो गाडीत बसून आहे तोवर हेलिकॉप्टर लांब आहे. तो उतरून पाइपाच्या तोंडाशी गेला की दहा मिनिटांत येतंय समजा. निवेदकाच्या 'साहेब निघालेले आहेत'वर विश्वास नको. दुसरा वैमानिक. असल्या मैदानातून उजेडातच उडायचं असतं. चारची सभा साडेपाचला सुरू झाली की वैमानिकाच्या घड्याळाला महत्त्व येतं. तो पीएला फोन करतो, पीए चिठ्ठी पाठवतो, चिठ्ठी माइकजवळ जाते आणि साहेब म्हणतात 'वेळेअभावी थोडक्यात आटोपतो'. पंतप्रधानांच्या दौऱ्यात हेलिकॉप्टर सहसा तीन असतात आणि पॅडही तीन बांधतात. तीन एच दिसले की पाहुणा कोण ते वेगळं विचारायला नको.

कोपरखळी
आणि हेलिपॅडसाठी ज्याचं उभं पीक काढलं त्याच्याकडे कोण बघतं?

झुळूक
शाळेचं, महाविद्यालयाचं किंवा कारखान्याचं मैदान असेल तर पिकाचा प्रश्न येत नाही. खासगी रान घेतलं असेल तर मुरूम तिथंच राहतो आणि काळ्या रानातला मुरूम वेचायला दोन पावसाळे जातात. जमीनमालक त्या दिवशी पहिल्या रांगेत पास लावून बसलेला दिसेल. त्याचा चेहरा बघाच.

निशिगंध
महिलांच्या बाजूकडे वरवर बघून 'भाड्यानं आणलेल्या बायका' म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे. मला ते आळशीपणाचं वाटतं. नीट बघितलं तर त्या गर्दीची वीण दिसते.

सरकारी कार्यक्रम असेल तर एसटीच्या गाड्या येतात, पाटीवर गावाच्या नावाऐवजी 'प्रासंगिक करार', म्हणजे कार्यक्रमापुरती भाड्यानं घेतलेली गाडी. गाडीत चाळीस-पंचेचाळीस जागा. शंभर गाड्या लागल्या तर चार-साडेचार हजार माणूस तिथंच मोजून झाला. वळणावर उभं राहून पाट्या मोजायला वीस मिनिटं पुरतात. त्या दिवशी तालुक्यातल्या नेहमीच्या फेऱ्या रद्द झालेल्या असतात. स्थानकात अडकलेली कॉलेजची पोरं हीसुद्धा त्याच सभेची गर्दी आहे, फक्त ती मंडपात नाही.

एका रंगाच्या साड्या घालून आलेला गट म्हणजे बहुतेक बचत गट, अंगणवाडी किंवा आशा ताई. प्रत्येक गटाच्या कडेला एक बाई वही घेऊन बसलेली असते : बचत गटांची समुदाय संसाधन व्यक्ती, बोलण्यात सीआरपी ताई. नावांवर खूण करायची, पाणी आणि जेवणाची पाकिटं मोजून घ्यायची, परतताना कुणी मागं राहिलं का बघायचं, सगळं तिच्याकडे. तिला भाषणातलं एक वाक्य सांगता येणार नाही, पण बत्तीस जणींतल्या कुणाची गुडघेदुखी आहे आणि कुणाला गाडी लागते ते माहीत असतं.

बायका उठायला लागल्या की वार्ताहर 'भाषण रंगलं नाही' लिहितात. कारणं बरीचशी घड्याळात असतात. दुधाच्या पट्ट्यात साडेपाच-सहाला धारा काढायची आणि डेअरीला दूध घालायची वेळ. भाषण कितीही रंगो, म्हैस थांबत नाही. दुसरं कारण त्याहून साधं : हजारो बायकांना मिळून चार फिरती स्वच्छतागृहं, तीही मंडपाच्या पुरुषांच्या बाजूला. म्हणून कित्येकजणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि मग चक्कर येते. आयोजक शहाणा की नाही हे मला स्वच्छतागृहं कुठं ठेवली यावरून कळतं, स्टेजवरून नाही.

आडवाट
दुधाचा मुद्दा बरोबर. त्यात दोन गोष्टी जोडतो. आठवडी बाजाराच्या दिवशी सभा ठेवली तर गर्दी आयती मिळते, फक्त ती पिशव्या घेऊन येते आणि कडेनं उभी राहते, बसत नाही. आणि शेतीपंपाची थ्री फेज वीज ज्या आठवड्यात दिवसा असते, त्या आठवड्यात शेतकरी मोटार सोडून येत नाही. अनुभवी आयोजक मैदान ठरवायच्या आधी विजेचं वेळापत्रक बघतो.

भोंगा
स्टेजवरचं थोडं.

साऊंडवाल्याचा चेहरा बघा. निवेदक बोलतो तेव्हा तो निवांत असतो, साहेब माइकजवळ गेले की त्याचा हात एका बटणावर येतो. नेता माइकला फार चिकटला तर आवाज फाटतो, लांब राहिला तर आवाज वाढवावा लागतो आणि शिट्टी वाजते. म्हणून पोडियमवर दोन माइक असतात. दुसरा शोभेला नाही, पहिला गेला तर लागतो. मंडप लांब असला की मागं वेगळे स्पीकर लावतात. शंभर मीटरवर पुढचा आवाज साधारण तीन दशांश सेकंद उशिरा पोचतो. मागच्या स्पीकरचा आवाज तेवढाच उशिरा सोडला नाही तर शेवटच्या रांगांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. तिथली माणसं कंटाळून नाही, वैतागून उठतात. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद हा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम. पावणेदहाला पोलीस निरीक्षक साऊंडवाल्याच्या मागं येऊन उभे राहतात, काही बोलत नाहीत.

दीपप्रज्वलन : हे नेमकं फसतं. समईची कोरी वात पटकन पेटत नाही, उघड्या स्टेजवर वारा, शेजारी पंखा. सहा पाहुणे सहा काड्या ओढत बसतात. माहितगार माणूस वाती आधी एकदा पेटवून विझवतो, टोकाला कापराची वडी ठेवतो, आणि ऐन वेळी पंखा बंद करायला एक पोरगा उभा करतो. पंख्याच्या बटणापाशी पोरगा दिसला की कार्यक्रम नीट होणार.

कनात
स्टेजचं मी पुरं करतो. बांधकाम खात्याचा अभियंता मजबुतीचा दाखला देतो तो ठरलेल्या माणसांसाठी : पंचवीस खुर्च्या, पाच-सात वावरणारे. हार आणला की साठजण चढतात आणि सगळे पुढच्या कडेला येतात, कारण फोटोग्राफर खाली आहेत. वजन वाढतं त्यापेक्षा ते एका कडेला जातं म्हणून स्टेज बसतं. पुढच्या ओळीचे खांब जवळजवळ घेतले असतील आणि आडवे-तिरपे टेके दिले असतील तर निभावतं. प्लायवूडची फळी वाजायला लागली की मंडपवाल्याचा माणूस स्टेजखाली वाकून बघतो. त्या क्षणी सभेत सगळ्यात काळजीत तोच असतो.

हलगी
हार म्हणजे पूर्ण राजकारण आहे. एकत्र सत्काराचा मोठा हार असतो ना, त्यात नेता मधे, आणि दोन्ही बाजूंनी स्थानिक पुढारी डोकं घालतात. कुणाचं डोकं हाराच्या आत, कुणाचा फक्त हात हाराला, आणि कोण मागून मान उंचावतोय हे तीन सेकंदांत ठरतं. पुढच्या निवडणुकीत तिकिटासाठी कोण रांगेत आहे ते त्यात दिसतं. हाराच्या आत असूनही ज्याच्याकडे नेता बघत नाही तो नुसता हार आणणारा.

क्रेनचा हार चौकात असतो. त्याला आतून जाड दोर लागतो, झेंडू दोऱ्यावर ओवून त्या दोराला गुंडाळतात. नुसत्या दोऱ्यावर उचलला की स्वतःच्या वजनानं मधे तुटतो, शिवाय फुलांवर पाणी मारलेलं असेल तर वजन आणखी. सफरचंदांचा किंवा केळ्यांचा हार असेल तर पोलीस आधीच अंग चोरून उभे राहतात, कारण नेत्याची गाडी हलली की गर्दी हारावर पडते. जेसीबीतून फुलं उधळायची तर पाकळ्या मोकळ्या आणि कोरड्या लागतात. ओल्या पाकळ्या बकेटला चिकटतात आणि मग एकदम गठ्ठ्यानं डोक्यावर येतात. चालक धीराचा हवा. खालून दहाजण दहा दिशांनी हात करत असतात, त्यानं एकाचंच ऐकायचं.

आणि तुतारीवाल्यांची अडचण लक्षात घ्या. पूर्वी कुठल्याही पक्षाचा पाहुणा आला की तुतारी. फेब्रुवारी २०२४ मध्ये तुतारी वाजवणारा माणूस हे एका पक्षाचं चिन्ह झालं, तेव्हापासून बाकीच्यांच्या स्वागताला हलगी, ताशा, लेझीम यांचे दिवस आले. कलावंताचा काही दोष नाही, पण सुपारी घेताना आधी पक्ष विचारावा लागतो.

कोपरखळी
आडवाट, पक्ष आणायचा नाही म्हणाला होतात!

आडवाट
नाव घेतलेलं नाही, चालेल.

टिपणवही
बंदोबस्ताबद्दल. साध्या वेशातला पोलीस ओळखायला बूट बघावेत : शर्ट चौकटीचा, पँट कुठलीही, बूट मात्र ड्युटीचेच, तपकिरी. बाहेरच्या ठाण्यांतून आलेले शिपाई पहाटेपासून उभे असतात, त्यांना गावातलं कुणीच ओळखता येत नाही. म्हणून स्थानिक आमदाराच्या भावाला फाटकावर अडवलं जातं आणि 'मला ओळखत नाही का' सुरू होतं. आत काळी टोपी, काळा रुमाल, काळी ओढणी नेऊ देत नाहीत, काळे झेंडे नकोत म्हणून. फाटकाजवळ काढलेल्या टोप्यांचा ढीग साठतो. आंदोलनाचा इतिहास असलेल्या कार्यकर्त्यांना आदल्या दिवशी नोटीस जाते. तिला अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून '१४९ ची नोटीस' म्हणतात, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १६८ झालं आहे. ज्याला नोटीस आली तो ती स्टेटसला ठेवतो. नोटीस न आलेला नाराज.

पण बघण्याजोगा माणूस म्हणजे ठाण्याचा गोपनीयचा हवालदार. साधे कपडे, खिशात छोटी वही, सगळं गाव त्याला नावानं हाक मारतं, त्यामुळे गोपनीय काहीच नाही. तो कोण आलं, कोण आलं नाही, घोषणा कुठल्या, गर्दी किती हे वर कळवतो. तो स्टेजवर रिकाम्या राहिलेल्या खुर्चीपुढं थांबून खुर्चीवर चिकटवलेलं नाव वाचतो. तुम्हीही तेच करा. गर्दीचा त्याचा आकडा आयोजकांपेक्षा कमी आणि विरोधकांपेक्षा जास्त असतो, आणि कनात यांच्या गुंठ्यांच्या जवळपास येतो.

निशिगंध
रिकाम्या खुर्चीवरून आठवलं, निवेदकाच्या हातातल्या चिठ्ठ्या. 'व्यासपीठावर उपस्थित' यादी वाचली की पाच मिनिटांत चार चिठ्ठ्या येतात : अमक्यांचं नाव राहिलं. हुशार निवेदक नावं एकदम वाचत नाही, दोन भाषणांच्या मधे थोडी-थोडी सोडतो आणि शेवटी 'अनवधानानं कुणाचा नामोल्लेख राहिला असल्यास' म्हणून ठेवतो. तरी एकजण रुसतोच.

टिपणवही
निवेदनांचंही असंच. लोक अर्ज घेऊन कठड्याला उभे असतात. नेता कागद घेतो, न वाचता मागं देतो. मागचा माणूस तो कुठल्या हातात ठेवतो ते बघा. पीएच्या फायलीत गेला तर त्याचं काही होण्याची शक्यता. नुसत्या अंगरक्षकाच्या हातात साठत गेला तर गठ्ठा हेलिपॅडपर्यंत जाईल की नाही सांगता येत नाही. जागेवर शेरा मिळाला तरी 'नियमानुसार कार्यवाही करावी' आणि 'तात्काळ अहवाल सादर करावा' यांत फरक आहे. पहिल्यानं अर्जदार खूश होतो, दुसऱ्यानं अधिकारी हलतो. अर्जाची दुसरी प्रत तहसीलच्या आवक खिडकीला देऊन शिक्का घ्यावा.

झुळूक
एक गंभीर मुद्दा राहतोय. माणसं बघायच्या नादात गर्दीत अडकू नये. चौरस मीटरला चार-पाच माणसं असतील तोवर पाय आपले असतात. सहाच्या पुढं गेलं की गर्दी हलवेल तिकडं जावं लागतं. हात छातीजवळ आणता येत नसतील तर लगेच तिरपं-तिरपं कडेकडे सरकायचं, समोरून उलटं जायचं नाही. पाकीटमारही नेमके इथंच असतात, हार घालताना आणि गाडी निघताना.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यात लोक भर उन्हात उघड्या मैदानात तासन्‌तास बसले आणि उष्माघातानं चौदाजण गेले. तमिळनाडूत करूरला २७ सप्टेंबर २०२५ च्या सभेत चेंगराचेंगरीत ४१ जणांचा जीव गेला. तिथं लोक दुपारपासून थांबले होते आणि नेता संध्याकाळी आला. दोन्हीकडे थांबणं फार लांबलं. एप्रिल-मेमध्ये दुपारची सभा असेल तर १०८ ची गाडी कुठं उभी आहे आणि तिच्यापुढं दुचाक्या लागल्यात का, हे आधी बघून ठेवा. पाणी सोबत घ्या. फाटकावर बाटली काढून घेतात, म्हणून आत शिरण्याआधी पिऊन घ्या.

कोपरखळी
सभा संपल्यावर काय बघायचं? सगळे घरी जातात.

कनात
तेव्हाच तर थांबायचं. साहेबांची गाडी निघाली की वीस मिनिटांत मैदान रिकामं. खुर्च्यांच्या थप्प्या, तुटलेल्या वेगळ्या. तुटलेल्यांचा हिशेब आयोजकाशी तिथल्या तिथं नाही झाला तर कधीच होत नाही. वायरमन तात्पुरतं कनेक्शन सोडवतो. पालिकेचे सफाई कामगार पाण्याच्या बाटल्या वेगळ्या पोत्यात भरतात, त्या विकल्या जातात. रस्त्यावरचे जे गतिरोधक ताफ्यासाठी काढले ते काही परत बसत नाहीत.

आणि फ्लेक्स. दहा बाय वीसचा बॅनर सकाळपर्यंत खांबावर सापडणं कठीण. लाकडी चौकट आधी जाते, चुलीला. कापड कांद्याच्या चाळीवर, कडब्याच्या गंजीवर, कोंबड्यांच्या खुराड्यावर. वारा जायला बॅनरला अर्धगोल कापे मारलेले असतात, त्यातून पाणी गळतं, म्हणून माहितगार माणूस बिनकाप्यांचा, इमारतीला चिकटून लावलेला बॅनर आधीच हेरून ठेवतो. कापड अंथरताना छपाईची बाजू खाली घेतात. रंगाची बाजू उन्हाला राहिली तर रंग लवकर उडतो, आणि गुरं बुजतात म्हणे.